चाकांवरचे घर आणि उतारवयाचा हिशेब

नोकरीतून निवृत्त व्हायचे, राहते घर विकायचे किंवा भाड्याने द्यायचे, मोटारहोम घ्यायचे आणि मुलाकडून मुलीकडे, मुलीकडून बहिणीकडे असे वर्षभर फिरायचे, हा अमेरिकेतील हजारो वृद्ध जोडप्यांचा परिपाठ आहे. आपल्याकडे ही श्रीमंतांची हौस समजली जाते. परंतु तिच्यामागे एक मोठा धंदा उभा आहे आणि माणसाचे वाढते वय हे त्या धंद्याचे एक भांडवल आहे. म्हणून व्यापाराच्या पानावर त्याचा विचार करणे आम्हास योग्य वाटते.

एका जिल्ह्याची रोजी

मोटारहोम म्हणजे बस वा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेले घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-न्हाणी आणि पाण्याच्या टाक्या. आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने १९६६ पासून ही घरे कारखान्यात रांगेने बांधायला सुरुवात केली आणि ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आज मोटारहोम आणि गाडीमागे ओढायचे ट्रेलर मिळून बहुतांश माल इंडियाना राज्यातील एल्खार्ट परिसरात तयार होतो.

एकाच मालावर विसंबणाऱ्या गावाचे काय होते, हेही एल्खार्टने पाहिले आहे. २००६ साली सर्व प्रकारच्या मिळून सुमारे ३ लाख ९० हजार गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. मंदीत, २००९ साली, तो आकडा १ लाख ६५ हजारांवर आला आणि एल्खार्टमधील बेकारी १८ टक्क्यांच्या पुढे गेली. कोरोनानंतर २०२१ साली ६ लाखांचा उच्चांक झाला, तर २०२३ साली पुन्हा जेमतेम ३ लाख १३ हजार. हौसेच्या मालाला पहिला फटका बसतो, तो असा.

व्याजाचा फास

या गाड्या बहुधा कर्जावर घेतल्या जातात आणि हप्ते १० ते २० वर्षांचे असतात. झोपण्याची, स्वयंपाकाची व संडासाची सोय असलेली गाडी अमेरिकेच्या आयकरात घर म्हणून धरता येते आणि अटी पाळल्यास कर्जावरील व्याजाची वजावटही मिळते. म्हणजे कायदाच व्याजाला टेकू देतो. ६५ व्या वर्षी घेतलेले २० वर्षांचे कर्ज ८५ व्या वर्षी फिटणार. गाडीची किंमत मात्र दुकानाबाहेर पडताच घसरू लागते. थोड्याच वर्षांत देणे जास्त आणि गाडीचे मोल कमी, अशी अवस्था होते. व्याज हराम मानणाऱ्याला हा सौदा वर्ज्य आहेच, पण कोरड्या हिशेबानेही तो आतबट्ट्याचा आहे. शहाणे म्हातारे जुनी, तपासून घेतलेली गाडी रोखीने घेतात. इंधनाचा खर्च वेगळाच. मोठी गाडी लिटरला ३-४ किलोमीटर धावते.

सगळेच हौसेने रस्त्यावर येतात असेही नाही. २००८ च्या मंदीत घर आणि बचत गमावलेली वयस्क माणसे गाडीत राहून गोदामांत हंगामी मजुरी करू लागली. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांचे जिणे आले आहे.

मुलांच्या दारात

या प्रवासाचे खरे सुख नातवंडांच्या भेटीत आहे. आपले अंथरूण, आपली शेगडी, आपली औषधे बरोबर असतात. दादा-दादी दारात असतात, पण सुनेच्या स्वयंपाकघरात अडचण होत नाही. नाती जोडून ठेवण्यास इस्लामने फार महत्त्व दिले आहे. सिलारहमीने रोजीत बरकत येते, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. त्या नजरेने पाहता हा खर्च वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.

मात्र अडचणी आहेत. अनेक वसाहतींत घरापुढे अशी गाडी उभी करण्यास मनाई असते. घरातील साध्या प्लगवर गाडीचे एअर कंडिशनर नीट चालत नाही. आणि पाहुणा कधी उठणार, हे आधी ठरलेले असले म्हणजे दोन्ही बाजूंस बरे.

हातातले चाक सुटते तेव्हा

नजर अधू झाली, गुडघे कुरकुरू लागले की गाडी कोण चालवणार? हा प्रश्न बहुतेक जण पुढे ढकलतात. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे, १९७८ साली स्थापन झालेल्या एस्केपीज या फिरस्त्यांच्या क्लबने यावर तोड काढली. गाडी तेथेच कायमची उभी करायची, राहायचे आपल्याच गाडीत, आणि जेवण, धुणे, देखभाल यांची मदत शेजारच्या केंद्रातून घ्यायची. म्हाताऱ्याला घर सोडावे लागत नाही. सेवेचा धंदा करू इच्छिणाऱ्यांनी ही कल्पना मनात ठेवावी.

हाजी अलींची कबर

थंडीत हजारो फिरती घरे ॲरिझोनातील क्वार्टझसाइट या वाळवंटी गावाभोवती तळ देतात. त्या गावात एका मुसलमान उंटवानाची कबर आहे. हाजी अली हे उस्मानी मुलखातून १८५६ साली अमेरिकन लष्कराच्या उंटांबरोबर आले. सैनिकांनी नावाचे ‘हाय जॉली’ केले. १९०२ साली ते तेथेच वारले. कबरीवरील दगडी पिरॅमिडच्या टोकाला तांब्याचा उंट आहे. ‘कॅराव्हॅन’ हा शब्दही मूळचा फारसी कारवाँच आहे.

आपल्यासाठी काय?

मुलांकडे अमेरिकेत जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी गाडी विकत न घेता आठवड्यापुरती भाड्याने घ्यावी. ग्रीन कार्ड असेल आणि वय ६२ पूर्ण असेल, तर राष्ट्रीय उद्यानांचा आजन्म पास मिळतो. २०१७ साली त्याची किंमत १० वरून ८० डॉलर झाली. फिरताना आजारपणाच्या खर्चाची तजवीज आधी करावी.

महाराष्ट्रानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कोकणात कुणी या धंद्यात उतरणार असेल तर आमचे सांगणे इतकेच : गाडीआधी तळाचा विचार करा. स्वच्छ संडास, मैला रिकामा करण्याची जागा, वीज, वुजूला पाणी आणि जवळ डॉक्टर. वयस्क गिऱ्हाईक गाडीची चकाकी पाहत नाही. रात्री दोनदा उठावे लागले तर सोय आहे का, हे पाहते.