विजेची मोटार : सभासदाला परवडेल का?



लागण नोंदीसाठी गटात गेलो की अलीकडे उसाच्या जातीआधी मोटारीचा विषय निघतो. "साहेब, विजेची गाडी परवडंल का हो?" याचे उत्तर दोन गोष्टींवर आहे : महिन्याला आपण किती फिरतो आणि गाडी कोणत्या मीटरवर लावणार.

आधी चालवण्याचा खर्च पाहू. लहान विजेची मोटार एका युनिटला साधारण ६ ते ७ किलोमीटर जाते. गाडीमुळे वाढलेले युनिट घरगुती बिलात वरच्या टप्प्यात पडतात, म्हणून सर्व आकारांसह युनिटला १३ रुपये धरू. किलोमीटरला २ रुपये पडले. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १७ किलोमीटर धरली, तर तिथे ६ रुपये जातात. म्हणजे ४ रुपये वाचले.

आता खरेदी. विजेच्या गाडीला जीएसटी ५ टक्केच आहे. तथापि सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाडीचा जीएसटीही २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ती स्वस्त झाली. दोन्हींच्या किमतीत ३ लाखांचा फरक धरू. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३ हजार हाती आले, तर हे १०० टन उसाचे बिल झाले! किलोमीटरला ४ रुपयांप्रमाणे ते वसूल व्हायला ७५ हजार किलोमीटर लागतील. तालुक्याला आणि लग्नकार्याला मिळून महिन्याला ६०० किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी १० वर्षांहून जास्त काळ लागेल, आणि बॅटरीची हमी बहुधा ८ वर्षांची असते. उलट ज्याचा मुलगा रोज जाऊन-येऊन ७० किलोमीटर नोकरीला जातो, त्याचे पैसे साडेतीन-पावणेचार वर्षांत फिटतात. कर्जाचा हप्ता मात्र दरमहा येतो, उसाचे बिल दरमहा येत नाही. हे घरात बसून आधी बोलावे.

बॅटरी भाड्याने घ्यायचीही सोय २०२४ पासून काही गाड्यांना आहे. किंमत कमी दिसते, पण भाडे किलोमीटरवर पडते आणि ते त्या वाचलेल्या ४ रुपयांतूनच जाते.

मीटरचे बोलू. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे, म्हणून विहिरीवर गाडी लावू, असे कुणी मनात आणू नये. शेतीची वीज दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली आकारणी होते. शिवाय ती वीज पाळीने येते. घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर लहान गाडी रात्रभरात, म्हणजे ८-९ तासांत भरते. पण जुन्या घरांचे वायरिंग आणि अर्थिंग आधी तपासून घ्यावे. मंजूर भार कमी असेल तर वाढवून घ्यावा. पावसाळ्यात तार तुटून दोन दिवस वीज गेली, असे आपल्याकडे होतेच, तेव्हा गाडी निम्म्याखाली येऊ देऊ नये.

कंपनी सांगते त्या अंतरातून तिसरा हिस्सा वजा करावा. लांबच्या प्रवासात वाटेत थांबून भरावी लागते, आणि तिथला दर घरच्यापेक्षा चढा असतो.

आपल्या उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते, मग विजेची गाडी कशाला, असेही काहीजण म्हणतात. पण सहवीज प्रकल्पांतून बगॅसची वीजही ग्रीडला जातेच की! गाडी आपला खिसा बघून घ्यावी.

घेणार असाल तर बुकिंगआधी घरचे वर्षभराचे वीजबिल घेऊन गट कार्यालयात या. हिशेब मांडून देऊ.

— ऊस विकास अधिकारी