बॅटरी बदलण्याआधी

बॅटरी वारंवार उतरते म्हणून थेट नवी आणणं ही घाई आहे. आधी साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली. १२च्या खाली गेली तर जवळपास रिकामी. इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत आकडा १३.८ ते १४.५पर्यंत चढतो. चढला नाही, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासा.

चार्जिंग ठीक असूनही बॅटरी उतरते? मग बंद गाडीत कुठेतरी वीज झिरपते आहे. डिकीतला न विझणारा दिवा, नंतर बसवलेला डॅशकॅम किंवा म्युझिक सिस्टीम, यांच्यावर माझा पहिला संशय. ऋण टोकाची वायर काढून मीटर अँपिअरवर लावा आणि मधे जोडा. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, म्हणजे सगळे संगणक झोपतील. मीटर जोडलेला असताना स्टार्टर मात्र मारू नका. प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या बराच वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. जो काढताच आकडा कोसळतो, दोष त्याच सर्किटमध्ये.

टोकांवरचा पांढरा-हिरवा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने निघतो. हे सगळं करूनही पूर्ण चार्ज केलेली बॅटरी रात्रीत उतरली, तर खुशाल बदला.