मांजरीच्या रस्त्याला कोणता टायर मानवतो?

हडपसरहून सोलापूर रस्त्याने मांजरीकडे निघाले की दोन्ही बाजूंच्या नव्या गृहसंकुलांच्या वाहनतळांत आलिशान एसयूव्ही सर्रास दिसतात. यांपैकी काही गाड्यांची जुळणी पुणे परिसरातच होते. मर्सिडीजचा कारखाना २००९ पासून चाकणला आहे, तर रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात करण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली. गाडी येथे जोडली जात असली तरी टायरविषयीची माहिती मात्र मालक बहुधा परदेशातून मिळवतात. पहिला संच झिजला की जर्मनी-अमेरिकेतील नातलगांचा सल्ला घेतला जातो आणि 'विंटर टायर' हा शब्द कानावर पडतो. चार टायरांचा खर्च लाखाच्या घरात जात असल्याने या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतलेला बरा.

विंटर टायरच्या रबराचे मिश्रणच वेगळे असते. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीचे रबर ताठर होऊन त्याची पकड कमी होते. विंटर टायरचे रबर त्या थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या नक्षीतील असंख्य बारीक चिरा बर्फाला धरून ठेवतात. म्हणूनच जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर असे टायर बंधनकारक आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर तेथे केवळ तीन शिखरे व हिमकण यांचे चिन्ह असलेला टायरच ग्राह्य धरला जातो. अनेक एसयूव्हींच्या टायरवर आढळणारी 'एम' आणि 'एस' ही अक्षरे, म्हणजे चिखल आणि बर्फ, तेवढ्यावर तेथे आता भागत नाही.

मांजरीत पौष-माघातील पहाटे पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो खरा. येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना त्या थंडीची काळजी वाटत असेल, टायरला ती वाटण्याचे कारण नाही. दुपारी तोच पारा तिशीजवळ जातो. एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीच्या आसपासच्या हवेत तापलेल्या डांबरावर विंटर टायरचे मऊ रबर झपाट्याने झिजते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर लागते. म्हणजे जादा पैसे मोजून सुरक्षितता घटवायची.

आपल्याकडचा खरा कसोटीचा हंगाम पावसाळा. ओल्या रस्त्यावर टायरच्या खोबणी पाणी बाजूला सारतात. ते काम त्यांना पेलले नाही की रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो, गाडी त्यावर तरंगू लागते आणि स्टिअरिंग निरुपयोगी होते. खोबणीतील झीजदर्शक उंचवटे १.६ मिलिमीटरवर असतात. टायर तेथवर वापरता येतो, परंतु जोराच्या पावसात तीन मिलिमीटरखालीच त्याची क्षमता जाणवण्याइतकी घटते. दोन-अडीच टनांची गाडी वापरणाऱ्याने मे महिन्यातच खोबणीची खोली मोजून घ्यावी.

आता चाकांविषयी. दुकानात सर्वांत मोह पडतो तो मोठ्या अलॉयचा, आणि चूक होते ती बहुधा येथेच. २५५/५५ आर १८ या मापात टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची सुमारे १४० मिलिमीटर भरते. कारण दुसरा आकडा हा रुंदीचा शेकडा हिस्सा असतो. त्याऐवजी २७५/४० आर २० घेतला की हीच उंची ११० मिलिमीटरवर येते. मांजरीच्या अंतर्गत रस्त्यांवरचा एखादा खड्डा, खडी वाहणाऱ्या डंपरमधून सांडलेला दगड किंवा उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेली कड यांचा दणका शोषून घ्यायला उरतात एवढेच ११० मिलिमीटर. मग रिम वाकते, भिंतीला फुगा येतो. असा फुगा दुरुस्त होत नाही, टायर बदलावाच लागतो.

दुसरा फरक भाराचा. मापापुढील १०९ हा निर्देशांक प्रत्येक टायर १०३० किलो भार पेलतो असे सांगतो; १०६ म्हणजे ९५० किलो. चार टायरांत ३२० किलोंची घट झाली, म्हणजे चार-पाच माणसांचे वजन! गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या निर्देशांकाखाली कधीही जाऊ नये. उत्पादकाने दोन मापे मान्य केली असतील तर मांजरीकराने बिनदिक्कत लहान रिम निवडावी. दिसायला ती किंचित साधी वाटेल, एवढेच.

चारही चाकांना सतत शक्ती पुरवणाऱ्या गाडीत एकच टायर नवा घालणे महागात पडते. नव्या-जुन्यांचा घेर वेगळा असल्याने मधल्या गिअरव्यवस्थेवर ताण येतो. घेताना टायरवरील चार आकडी तारीख पाहावी. ३५२५ म्हणजे २०२५ सालचा ३५ वा आठवडा. वर्षानुवर्षे गोदामात पडलेला माल सवलतीत मिळत असेल तर ती सवलत नाकारावी.

उन्हाळ्यात हवा कमी ठेवण्याची आपल्याकडील प्रथाही मोडायला हवी. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकल्याने तापतो आणि तापून फुटतो. समृद्धी महामार्गावर, जेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, तेथे याचा अर्थ वेगळा सांगायला नको. हवा सकाळी, गाडी थंड असताना, दारावरील पट्टीनुसार भरावी. नायट्रोजनसाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही. साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

राहिला प्रश्न हिमाचलच्या सहलीचा. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून पुण्याच्या गाड्याही हिवाळ्यात लाहौलकडे जाऊ लागल्या आहेत. आठवड्याभराच्या प्रवासासाठी विंटर टायरचा संच घेण्यापेक्षा चाकांना लावायच्या साखळ्या मनालीत मिळवाव्यात. मात्र निघण्यापूर्वी पुस्तिका उघडून पाहावी. अनेक गाड्यांत मोठ्या रिमवर साखळी लावण्यास मनाई असते. चाकाच्या कमानीत तेवढी जागाच उरत नाही.