बिडी नाही, पण मिसरी आहे!

बीड जिल्ह्यात मांजरसुंबा-कपिलधारच्या पट्ट्यातल्या एखाद्या गावात सकाळी चक्कर मारा. ओट्यावर बसलेली एखादी मावशी डबीतली काळी पूड चिमटीत घेते, तळहातावर टाकते आणि बोटानं हिरड्यांवरून फिरवत राहते. तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजून कुटली की झाली मिसरी. अशीच एखादी बाई उद्या जळाल्याचा व्रण काढून घ्यायला किंवा बाळंतपणांनंतर लोंबणारी पोटाची कातडी कमी करून घ्यायला प्लास्टिक सर्जनकडे गेली, तर संवाद साधारण असा होतो :

“सिगारेट, बिडी?”
“नाही बाबा, आमच्या घरात कुणीच वढत नाही.”
“तंबाखू?”
“तसलं काही नाही.”
“मिसरी?”
“ती लावते की सकाळ-संध्याकाळ. पण ते काय यसन नाही.”

तिसरा प्रश्न विचारलाच नाही, तर केसपेपरवर ‘व्यसन नाही’ असं लिहिलं जातं आणि मावशी निकोटिनसकट ऑपरेशनच्या टेबलावर चढते. हा धोका महाराष्ट्रात जास्त आहे. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते, तर मिसरी, गुटखा, खर्रा, मळलेली तंबाखू अशी धूरविरहित तंबाखू घेणारे 24.4 टक्के. बायकांमध्ये धूम्रपान 1.4 टक्के, धूरविरहित तंबाखू 16.6 टक्के. म्हणजे आपल्याकडे निकोटिन धुरापेक्षा हिरड्यांतून आणि गालातून जास्त जातं. तंबाखूला चुना लावला की ते आणखी झटपट शोषलं जातं.

कॉस्मेटिक सर्जरीत निकोटिनची एवढी धास्ती का? त्याचं उत्तर सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेत सापडतं. 1792 च्या युद्धात इंग्रजी फौजेसाठी बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती लागला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा पाडणाऱ्या कारागिरानं त्याला नवं नाक बसवून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करून त्यानं तो कपाळावर सपाट ठेवला, त्याभोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. मात्र दोन भुवयांमधली एक चिंचोळी पट्टी त्यानं मुद्दाम जोडलेली ठेवली. कातडीला अर्धा पीळ देऊन ती खाली नाकावर आणली, वर काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवल्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवलं. जोडलेली पट्टी कापली ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. ही हकिकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं 1814 मध्ये लंडनमध्ये तसंच नाक केलं.

यातली सगळी मेख त्या चिंचोळ्या पट्टीत आहे. उचललेली कातडी नव्या जागी मूळ धरेपर्यंत तिला रक्त मिळतं ते तेवढ्याच वाटेनं. आजही चेहरा ताणून घेण्याच्या, पोटाची कातडी कमी करण्याच्या किंवा स्तनांचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेत कातडीचा मोठा भाग खालच्या थरापासून सोडवला जातो. मग तो एका कडेच्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगतो. कालव्याच्या टेलच्या शेताला एकाच पाटाचं पाणी असावं तसा. निकोटिन नेमका तोच पाट आवळतं. त्यामुळे शरीरात अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं वाढतात, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटण्याकडे झुकतात.

धूर असेल तर आणखी दोन शत्रू येतात. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे जे थोडं रक्त पोचतं, तेही ऑक्सिजन कमी नेतं. दुसरा हायड्रोजन सायनाइड; तो पेशींना ऑक्सिजन वापरूच देत नाही. शिवाय भूल उतरताना बिडी-सिगारेटवाल्याला खोकल्याची उबळ आली, तर टाक्यांखाली रक्त साचू शकतं.

परिणाम डोळ्यांना दिसतो. कातडीची कड आधी जांभळी पडते, मग काळी, आणि शेवटी तेवढा भाग मरून सुटतो. मग आठवडेच्या आठवडे ड्रेसिंग, कधी दुसरी शस्त्रक्रिया, आणि रुंद व्रण. रूप सुधारायला केलेला खर्च रूप बिघडवून बसतो. न्यूयॉर्कचे डॉ. थॉमस रीस आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये चेहरा ताणून घेतलेल्या 1,186 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात धूम्रपान करणाऱ्यांची कातडी अशी मरण्याचा धोका सुमारे साडेबारा पट आढळला.

चांगली गोष्ट अशी की तंबाखू वेळेत सोडली, तर हा धोका कमी होतो. डॅनिश सर्जन लार्स सोरेन्सन यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना मुद्दाम छोट्या जखमा केल्या होत्या. धूम्रपान करणाऱ्यांच्या 12 टक्के जखमांत जंतुसंसर्ग झाला, कधीच न ओढणाऱ्यांच्या 2 टक्के जखमांत. चार आठवडे सोडलेल्यांत हे प्रमाण लक्षणीय कमी झालं. याच प्रयोगात निकोटिनचा पॅच लावून सोडणाऱ्यांनाही फायदा झाला. पण कातडी उचलण्याच्या शस्त्रक्रियेआधी बहुतेक सर्जन पॅच आणि निकोटिनचं च्युइंगमही बंद करायला सांगतात. तेव्हा ती मदत घ्यायची की नाही, हे सर्जनशी बोलूनच ठरवा.

शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतर किमान चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद, हा सर्वसाधारण नियम. ‘आदल्या रात्रीपासून सोडली’ याचा उपयोग तोकडा आहे. कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत निघून जातो, पण जखम भरून आणणाऱ्या पेशींचं काम रुळावर यायला आठवडे लागतात. लपवूनही उपयोग नाही. निकोटिनपासून शरीरात तयार होणारं कोटिनिन लघवीच्या किंवा रक्ताच्या तपासणीत काही दिवसांनंतरही सापडतं. ते मिसरीनं वाढतं, गुटख्यानं वाढतं, ई-सिगारेटनंही वाढतं. ते सापडलं तर तारीख पुढे ढकलणारा सर्जन तुमचं भलंच करतो आहे.

कार्तिक पौर्णिमेला संत मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी कपिलधारला दूरदूरहून माणसं पायी येतात. नेम धरायचा आणि तो दिवस मोजून पाळायचा, हे त्यांना कुणी शिकवायला नको. हा आठ आठवड्यांचा नेमही त्याच जातीचा आहे. तो मोडला तर फळ कातडीवर दिसतं.

तेव्हा डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढता का’ एवढंच विचारलं, तरी उत्तर तेवढ्यावर थांबवू नका. मिसरी, तपकीर, गुटखा, मळलेली तंबाखू, जे असेल ते आणि दिवसातून किती वेळा हे आपण होऊन सांगा. सोडणं जड जात असेल, तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी तो फोन करा.