आभासी बस, खरी बस

आनेकलहून बंगळुरूच्या निम्हान्स रुग्णालयात जायचे म्हणजे चंदापुरामार्गे होसूर रस्ता आणि गर्दीची बस. स्वमग्न मुलाला हॉर्नचा कर्कश आवाज, अनोळखी माणसांचे धक्के असह्य होऊ शकतात. त्यातून घरची भाषा मराठी अन् कंडक्टर विचारणार कन्नडमध्ये! उपचारांच्या दारापर्यंत पोहोचणे हीच आईची पहिली कसोटी.

अशी भीती घालविण्यासाठी ‘आभासी वास्तव’ उपयोगी पडू शकते. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ९ स्वमग्न मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळ्यांवर चष्मा नव्हता. खोलीच्या भिंतींवरच मुलाला भिववणारे दृश्य उमटे, जसे की गर्दीची बस. सोबत मानसशास्त्रज्ञ असे. मूल सावरले की मगच पुढची पायरी. ८ मुले भीतीच्या प्रसंगाला सामोरी जाऊ लागली, त्यांपैकी ४ जणांची भीती पूर्ण गेली. मुले थोडीच होती, तरी आशा वाटावी असाच हा निकाल.

अतिचंचल, लक्ष न लागणाऱ्या मुलांसाठी अमेरिकेने २०२० मध्ये टॅब्लेटवरील एका खेळाला मान्यता दिली, पण तीही इतर उपचारांच्या जोडीनेच.

तेव्हा महागडा चष्मा घेण्याची घाई करू नका. काही मुलांना तो डोक्यावर सहनच होत नाही. फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

सराव कुठेही होवो, नंतर दुपारी गर्दी नसताना मुलाला थांब्यावर न्या. पहिल्या दिवशी नुसती बस पाहू द्या. मग कधीतरी एकच थांबा जाऊन उतरा. तिकिटाचे पैसे मात्र त्यालाच देऊ द्या.