वाशीची जमीन गेली तेव्हा सातबारावर नाव कुणाचं होतं?

मैत्रिणींनो, गटाचा माल घेऊन प्रदर्शनासाठी वाशीला गेलेल्या बऱ्याच जणींनी तिथलं स्टेशन पाहिलंय. खाली लोकल, वर आयटी पार्कची ऑफिसं. जवळच वाशीगाव आणि जुहूगाव ही जुनी गावं आहेत. साठ वर्षांपूर्वी इथे भाताची खाचरं, मिठागरं आणि खाडी होती. आगरी-कोळी बायका आवणी करायच्या, मिठागरावर राबायच्या, म्हावऱ्याची पाटी डोक्यावर घेऊन विकायला जायच्या. विकलेल्या म्हावऱ्याचा पैसा त्यांच्याच हातात यायचा.

1970 मध्ये सिडको आली. मुंबईची गर्दी कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर ठरलं आणि 95 गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. पूल झाला, घाऊक बाजार आला, 1992 ला रेल्वे आली, पुढे संगणकाच्या कंपन्या आल्या. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. जानेवारी 1984 मध्ये उरणकडे पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना मिळाली. तिचा हिशोब असा: एक एकर, म्हणजे 40 गुंठे गेले, तर साडेबारा टक्क्यांनी 5 गुंठे. त्यातले 30 टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापले की उरतात साडेतीन गुंठे. शहरात साडेतीन गुंठ्यांनाही मोठा भाव, हे खरं.

पण चेक असो की भूखंड, तो मिळाला सातबारावरच्या नावाला. ते नाव बहुतेक घरांत सासऱ्याचं, नाहीतर नवऱ्याचं. बाईचं आवणीचं काम गेलं, मिठागरावरची मजुरी गेली. कामाचा कुठे सातबारा असतो? आणि वरच्या ऑफिसात शिरायचं तर पदवी लागते.

मलेशियातल्या पेनांगमध्येही 1972 ला भातशेतांच्या जागी इलेक्ट्रॉनिकचे कारखाने आले. तिथे सुटे भाग जोडायला खेड्यातल्या पोरींनाच घेतलं. पगार कमी होता, पण तो त्यांच्या नावावर होता. आपल्याकडे तसं फारसं झालं नाही.

आता पनवेल, उरणच्या पुढच्या गावांतही मोजणी चालू आहे. म्हणून या महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीने घरचा सातबारा आणावा. नवऱ्याची तयारी असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्ज तहसीलदाराकडे करायचा. ही योजना 1992 पासून आहे, पण अजून कितीतरी जणींना माहीत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, 2005 च्या कायद्याने. भाऊ हक्कसोड पत्रावर सही मागेल तेव्हा कागद घरी आणा, गटात वाचून घ्या. सही दुसऱ्या दिवशीही करता येते.