बालमधुमेह : पूर्वसंचित नव्हे, जनुक

लहान मुलाला मधुमेह झाला, की आपल्या वस्त्यांतून आजही दोन प्रश्न ऐकू येतात : आईने गरोदरपणी गोड फार खाल्ले काय, आणि हे मागील जन्मीचे भोग तर नव्हेत? दोन्ही प्रश्न निराधार आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त आनुवंशशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिला आहे. मुलाला गुणधर्म मिळतात ते आईवडिलांकडून, हे त्यांच्या युक्तिवादाचे सूत्र आहे. तेच सूत्र येथे लावून पाहू.

स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. मुलांमध्ये बहुधा आढळणाऱ्या प्रकार १ च्या मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा याच पेशी नष्ट करते. सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांच्या काही रूपांमुळे ही प्रवृत्ती वाढते. परंतु प्रवृत्ती म्हणजे रोग नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला मधुमेह झाला, तरी दुसऱ्याला होतोच असे नाही. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी आणि इंग्लंडचे एक्झेटर विद्यापीठ यांचा यासंबंधीचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. अनेक जनुकांवरून काढलेला जोखीम-गुणांक भारतीय रुग्णांतही प्रकार १ आणि प्रकार २ वेगळे ओळखण्यास उपयोगी पडतो, असे त्यातून दिसले.

जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत होणारा मधुमेह मात्र बहुधा एकाच जनुकातील दोषाने होतो. बीटा पेशीच्या आवरणात पोटॅशियमचे एक दार असते. रक्तातील साखर वाढली, की ते मिटते आणि इन्सुलिन बाहेर पडते. केसीएनजे११ किंवा एबीसीसी८ या जनुकांत दोष असल्यास दार उघडेच राहते. हा दोष पुष्कळदा त्या बाळातच प्रथम उद्भवलेला असतो. आईवडिलांत तो नसतो. २००४ नंतर असे ध्यानात आले, की सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या हे दार मिटवतात आणि अशा अनेक बाळांचे इन्सुलिन थांबवता येते. म्हणून या वयातील प्रत्येक रुग्णाची जनुक-तपासणी आवश्यक ठरते. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये ती होते. अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून इन्सुलिन कधीही बंद करू नये.

काही दुर्मीळ प्रकारांत आई व वडील दोघेही निरोगी असून एकेक सदोष जनुक वाहत असतात. तेव्हा प्रत्येक अपत्याला चारांत एक धोका असतो. मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्याकडील चाल हा योग जुळण्याची शक्यता वाढवते. सोयरीक ठरविताना याचा विचार व्हावा.

मार्च १९२० मध्ये माणगाव परिषद भरली, तेव्हा अशा मुलांसाठी जगात औषध नव्हते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे चौदा वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिन प्रथम टोचले गेले. आज औषध आहे. उशीर होतो तो ओळखण्यात. वसतिगृहातील एखादे मूल एकाएकी अंथरूण ओले करू लागले, सारखे पाणी मागू लागले, वाळू लागले, तर त्याला रागावू नये; त्याच दिवशी रक्तातील साखर तपासावी. उलट्या व जोराचा श्वास सुरू झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि त्याच्या आईला दोष देऊ नये. कारण शोधावे, त्यावर उपाय करावा, हीच बुद्धांची शिकवण आहे.